‘आमची हरकत नाही’वर आईची सही झाली, आता काय?

प्रश्न: आम्ही कळव्याला राहतो. वडील रिक्षा चालवायचे. 2007 साली रात्रीच्या भाड्यावर असताना त्यांचा खून झाला, रिक्षाही नेली. त्याच माणसाने दोन वर्षांत आणखी तीन रिक्षावाले मारल्याचं तपासात निघालं. सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली, हायकोर्टात ती कायम झाली. तो नाशिक रोड कारागृहात आहे. गेल्या आठवड्यात मी कामावर असताना हवालदार घरी आले आणि ‘पॅरोलची चौकशी आहे’ म्हणून टाईप केलेल्या कागदावर आईची सही घेऊन गेले. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. भावाने मोबाईलवर फोटो काढला होता, त्यात शेवटची ओळ आहे, ‘सदर बंदीस सोडण्यास आमची काही हरकत नाही’. सुटल्यावर तो कैदी दिव्याला त्याच्या बहिणीकडे राहणार आहे म्हणे. त्या रात्री स्टँडवर वडिलांच्या रिक्षात बसताना मी त्याला पाहिलं होतं आणि कोर्टात तशी साक्षही दिली होती. सही मागे घेता येईल का? आता तो कायमचा सुटणार का?

उत्तर: ताई, आधी आईंना सांगा की त्यांच्या सहीने शिक्षा एका दिवसानेही कमी होत नाही. चौकशीतला जबाब म्हणजे माफीनामा नव्हे, तडजोड तर नाहीच. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जाणाऱ्या फायलीतला तो एक कागद आहे, आणि त्याच फायलीत दुसरा कागद घालायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. उशीर मात्र नको. पोलीस अहवाल वर गेला की अख्खा जबाब ‘मयताच्या नातेवाइकांची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीत आटपतो.

आईंच्या नावाने वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना अर्ज लिहा. जबाब कोणत्या तारखेला, किती वाजता घेतला, तो आधीच टाईप केलेला होता, वाचून दाखवला नाही, आणि त्यातलं म्हणणं माझं नाही, एवढं पुरे. फोटोची प्रिंट जोडा, मूळ फोटो भावाच्या मोबाईलमधून पुसू नका. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या’ असं ऐकावं लागलं, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांनाही प्रत द्या. हवालदाराला चार शब्द सुनावण्याचा मोह अर्जात आवरा. तुमचं भांडण त्याच्याशी नाही, आणि पुढचा अहवालही कदाचित तोच लिहिणार आहे.

बरेच जण इथे एक गफलत करतात. आपण ठाण्याचे म्हणून अर्ज घेऊन थेट बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणजे कोकण विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. पॅरोलचा निर्णय सामान्यतः कैदी ज्या विभागातल्या कारागृहात आहे तिथले विभागीय आयुक्त घेतात. तुमच्या बाबतीत ते नाशिकचे. फर्लो, म्हणजे चांगल्या वर्तणुकीवर मिळणारी रजा असेल, तर निर्णय कारागृह उपमहानिरीक्षकांचा. म्हणून आईंच्या अर्जाची प्रत नाशिक रोड कारागृहाच्या अधीक्षकांना आणि या दोन्ही अधिकाऱ्यांना पाठवा. पोलिसांच्या तोंडी दोन्हीला पॅरोलच म्हणतात, पण फरक मोठा आहे. पॅरोल घरच्या गंभीर आजारपणासारख्या कारणासाठी मिळतो आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. फर्लोला असं कारण लागत नाही, ठरावीक शिक्षा भोगल्यावर चांगल्या वर्तणुकीवर ती मिळते आणि तिचे दिवस शिक्षेतच मोजले जातात. मात्र फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये नारायण साई प्रकरणात स्पष्ट केलंय.

आता हरकत कशी घ्यायची. ‘त्याने आमचं घर उद्ध्वस्त केलं’ हे शंभर टक्के खरं आहे, पण त्यावर अर्ज नामंजूर झाला तर कैदी हायकोर्टात जातो आणि नुसत्या गुन्ह्याच्या गांभीर्यावर दिलेला नकार तिथे टिकणं अवघड असतं. कोर्ट विचारतं, हा माणूस आज बाहेर आला तर नेमका धोका कोणाला आणि कशावरून? याचं उत्तर तुमच्याकडे आहे. ‘मयताला शेवटचं आरोपीसोबत पाहिलं’ ही साक्ष तुमची, आणि निकालपत्रात ती कोर्टाने कशी स्वीकारली ते लिहिलेलं असेल. तो परिच्छेद अर्जात उतरवा. दिवा कळव्यापासून दुसरं स्टेशन, हेही लिहा. त्याच्याकडच्या कोणी स्टँडवर किंवा घरी येऊन चौकशा केल्या असतील, तर तारखेनिशी लिहा. तसं घडलं नसेल तर रचू नका. अशी एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या अर्जाची किंमत जाते.

रिक्षा नेली होती, हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षा फक्त कलम 302, म्हणजे खुनाच्या कलमाखाली आहे की 392 किंवा 397, म्हणजे जबरी चोरीचं कलमही लागलंय? महाराष्ट्राच्या 1959 पासून चालत आलेल्या नियमांत भारतीय दंड संहितेच्या 392 ते 402 या कलमांखाली शिक्षा झालेल्यांना फर्लोतून वगळलेलं होतं आणि नियमित पॅरोलची पात्रताही त्याच्याशीच जोडलेली होती. नियम अनेकदा बदललेत, त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेली प्रत वकिलाकडून तपासून घ्या. चोरीची शिक्षा भोगून झाली, असा युक्तिवाद समोरून येईल, त्याचीही तयारी ठेवा.

एवढं करूनही पॅरोल मंजूर होऊ शकतो. म्हणून अर्जात दुसरी मागणी आत्ताच घाला: सोडायचंच असेल तर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर राहण्याची अट, पोलीस ठाण्यात नियमित हजेरी आणि भक्कम जामीनदार. ही भीती हवेतली नाही. 2012 मध्ये वडाळ्यात एका तरुण वकील महिलेचा खून करणारा जन्मठेपेचा कैदी 2016 मध्ये याच नाशिकच्या कारागृहातून पॅरोलवर सुटला आणि परतलाच नाही. तो 2017 मध्ये काश्मीरमध्ये सापडला. तुमच्यापुरतं सांगायचं, तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत खटला संपल्यानंतरचा धोकाही धरलेला आहे. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

कायमचं सुटणं ही वेगळी वाट आहे, तिला शिक्षामाफी म्हणतात. चार खून म्हणजे चार गुणिले चौदा वर्षं, असं गणित पुष्कळ लोक मांडतात. तसं नाही. जन्मठेपा एकामागून एक भोगायच्या नसतात, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2016 मध्ये सांगितलंय. पण चौदा वर्षं झाली की दार आपोआप उघडतं, हेही खोटं. ती किमान मर्यादा आहे, पुढचं सरकारने ठरवायचं. काही प्रकरणांत कोर्टच ते दार बंद करतं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित बहिणींची फाशी हायकोर्टाने 2022 मध्ये रद्द करून जन्मठेप दिली, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षामाफीविना, मरेपर्यंतची केली. असा आदेश फक्त हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट देऊ शकतं, म्हणून तुमच्या हायकोर्टाच्या निकालाचं शेवटचं पान नीट वाचा. पुढेमागे शिक्षामाफी मिळालीच, तर पीडित थेट कोर्टात जाऊ शकतो. बिल्किस बानो गेल्या आणि जानेवारी 2024 मध्ये 11 जणांची माफी रद्द झाली.

आईंचा अर्ज उद्याच द्या. निकालांच्या खऱ्या नकलांसाठी दोन्ही कोर्टांत त्यानंतर अर्ज करा, त्यांना वेळ लागतो.