इंजिन हवा, इंधन आणि कूलंट आत कसं ओढून घेतं? तिन्ही सिलिंडरमध्येच जातात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. हवा आणि इंधन सिलिंडरमध्ये जातात; कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, जात नाही. ते सिलिंडरच्या भोवतीने फिरतं. आत जायला लागलंच तर बहुतेक वेळा हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि वरच्या हेडमधलं सील, गेलेलं असतं. मग इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहतो आणि गळती कुठे दिसत नसताना कूलंट कमी होतं.

आता ओढण्याचं. आमचं काम पलूस-तासगाव भागातल्या ट्रॅक्टरांचं, त्यामुळे उदाहरण नदीकाठचंच सुचतं. कृष्णेत सोडलेल्या सक्शन पाइपमधून मोटार पाणी ओढते असं आपण म्हणतो. खरं तर पंप पाइपातला दाब कमी करतो आणि नदीवर दाबून बसलेली बाहेरची हवा पाणी वर ढकलते. म्हणून पंप कितीही भारी घ्या, सात-आठ मीटरच्या वर सक्शन धरत नाही. हिशेबाने हद्द 10.3 मीटर, कारण हवेचा दाबच तेवढा. सिलिंडरमध्येही तेच चालतं. पिस्टन खाली येतो, आतला दाब पडतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि बाहेरची हवा आत घुसते. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, म्हणून ते 1500 आरपीएमला फिरत असेल तर एकेक सिलिंडर मिनिटाला 750 वेळा हवा घेतो.

हवा लागते किती, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे नऊ हजार लिटरच्या आसपास! डिझेल इंजिन तर गरजेपेक्षा जास्तच हवा घेऊन चालतं. एवढी हवा ज्या फिल्टरमधून जाते तो चोंदला की खेळ खलास. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसभर फुफाट्यातून चालतात. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरची, म्हणजे ऑइलमध्ये धूळ पकडणाऱ्या फिल्टरची, खालची वाटी काढली की तळाला ऑइल आणि मातीचा काळा गाळ बसलेला असतो, बोटाने खरवडून काढावा लागतो. अशा वेळी ट्रॅक्टर काळा धूर फेकतो, ओढ कमी होते आणि मालक म्हणतो, डिझेलचा पंप बांधून (खोलून दुरुस्त करून) द्या. अहो, आधी वाटी धुवा! डिझेल तेवढंच जातंय, हवा कमी पडतेय.

महाबळेश्वरला बिनटर्बोची गाडी जरा मंद वाटते तीही याचमुळे. तिथे साधारण 1350 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी असतो. टर्बोला वातावरणाच्या भरवशावर बसावं लागत नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर त्याचं चाक फिरतं आणि हवा दाबून आत भरतं.

इंधनाची गोष्ट वेगळी. कार्बोरेटरच्या जुन्या बाइकमध्ये हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब पडतो आणि जेटमधून पेट्रोल वर येतं. इथे ओढणं म्हटलं तर चालेल. इंजेक्टरच्या पेट्रोल गाडीत मात्र टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलतो, साधारण तीन-चार बारने (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा). डिझेलला त्याहून कितीतरी जास्त दाब लागतो, कारण आत आधीच दाबून तापलेल्या हवेत फवारा मारायचा असतो. जुन्या ट्रॅक्टरचा इंजेक्टर 200 बारच्या आसपास उघडतो, नव्या इंजिनांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत, दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. टाकी कोरडी झाली की डिझेल इंजिन एअर धरतं ते यामुळेच. पाइपात हवा असेल तर पंप ती हवाच दाबत बसतो, इंजेक्टर उघडण्याइतका दाब तयार होत नाही. मग फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करायचा, हँड प्रायमर मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा.

राहिलं कूलंट. शेतावरच्या जुन्या ऑइल इंजिनांना पंपाच्या डिलिव्हरीतूनच एक बारीक फाटा द्यायचे. विहिरीचं पाणी जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, फिरून सरळ पाटात पडायचं. पाणी खारं असेल तर आत क्षारांचा थर धरायचा. गाडीत तसं नाही, तेच कूलंट गोल फिरतं. वॉटर पंप ते फिरवतो, आणि थर्मोस्टॅट साधारण 80-90 अंशांना उघडेपर्यंत रेडिएटरकडे जाऊच देत नाही. बंद टोपणामुळे आत दाब राहतो, म्हणून ते 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. खंबाटकी चढताना गाडी तापली म्हणून लगेच टोपण फिरवणारे असतात, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. दाब सुटला की त्याच क्षणी उकळतं पाणी तोंडावर येतं. तासभर थांबा.

कूलंट खरोखर ओढलं जातं ते एकदाच, इंजिन गार होताना. तापल्यावर फुगून जे जास्तीचं रिझर्व्ह बाटलीत गेलेलं असतं, ते आत दाब पडला की टोपणातल्या छोट्या व्हॉल्व्हमधून परत येतं. तो व्हॉल्व्ह अडकला तर बाटलीतलं परत येत नाही आणि सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा रबरी पाइप चपटा होऊन बसलेला दिसतो. तसं दिसलं तर पाइप किंवा रेडिएटर बदलायला घाई करू नका. आधी बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबली नाही ना बघा, आणि टोपण नवीन घालून बघा.