दुकान आणि शेतीच्या ताणानं झोप उडाली आहे, गोळ्यांशिवाय काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की लातूरजवळ खत-औषधांचं दुकान आहे, गावाकडं सोयाबीन आहे, दिवसभर डोकं गच्च असतं आणि अंथरुणावर पडलं की धडधड सुरू होते.

आधी श्वासापासून सुरुवात करा, त्याचा गुण लगेच येतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. नाकानं 4 सेकंद घ्या, 6 सेकंद हळू सोडा, असं 5 मिनिटं. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की बरेच जण छाती फुगवून भराभर ओढतात, तिथंच चुकतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि जीव आणखी घाबरा होतो. पोटावर हात ठेवा. हात हलू दे, खांदे नकोत.

दुसरा उपाय वहीचा. दुकान बंद केल्यावर, जेवणाआधी 20 मिनिटं. प्रत्येक काळजी एका ओळीत आणि तिच्यापुढं उद्याचं एक काम. ‘उधारी वसूल होईना’ एवढ्यानं भागत नाही. ‘सोमवारी तिघांना फोन, हप्त्याची तारीख ठरवायची’ असं लिहा. ‘भाव पडला’ यापुढं काम सुचत नसेल तर फुली मारा. रात्री तोच विचार आला तर तो वहीत आहे, उद्या संध्याकाळी बघू. पहिले काही दिवस मन ऐकत नाही, तरी वही सोडू नका.

चहा दुपारी 2 नंतर नको. चहातलं तरतरी आणणारं कॅफिन निम्मं उतरायलाच 5-6 तास लागतात. तंबाखूनं बरं वाटतं ती तलफ भागल्यामुळं, ठोके उलट वाढतात. दारूनं डोळा लागतो, पण पहाटे उघडतो.

20 एक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून ओसरीवर बसा, मोबाइल आणि घड्याळ न बघता. डोळे जड झाले की परत या. उठायची वेळ मात्र रोज एकच. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत अर्धा तास चाला.

धडधडीबरोबर छातीत दाबल्यासारखं दुखलं, दरदरून घाम आला, तर ताण म्हणून अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि जगणं नकोसं वाटलं तर ‘टेलिमानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मोफत आहे, दिवसरात्र चालतं, मराठीत बोलता येतं. तुमच्या दुकानात फवारणीची औषधं हाताशी असतात, म्हणून मुद्दाम सांगतो: अशा वेळी दुकानाची किल्ली घरच्यांच्या हाती द्या आणि एकटे राहू नका.