वाचकांचे प्रश्न : तेलशुद्धीकरण प्रकल्पावर हवामानाच्या मुद्द्यावरून हरकत घेता येते का?

प्रश्न : आमच्या भागात वर्षाला 1 कोटी टन कच्चे तेल शुद्ध करणारा कारखाना प्रस्तावित आहे. कंपनीच्या पर्यावरणीय अहवालात फक्त कारखान्याच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा हिशेब दिला आहे. ‘येथे झाला नाही तर हा कारखाना दुसरीकडे होईल, मग हवामानाला काय फरक पडणार?’ असे आम्हाला ऐकवले जाते. आम्ही हरकतीत हवामानबदलाचा मुद्दा घ्यावा, की स्थानिक प्रदूषणापुरतेच बोलावे?

उत्तर : मुद्दा अवश्य घ्यावा; मात्र तो तापमानवाढीविषयीच्या सर्वसाधारण चिंतेच्या रूपात न मांडता याच कारखान्याच्या आकड्यांत मांडावा. एक टन कच्च्या तेलापासून मिळणारी इंधने जळल्यावर सुमारे 3 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डांबर आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालाकडे वळणारा वाटा वजा केला, तरी आपल्याकडील प्रस्तावातून वर्षाला 3 कोटी टनांच्या आसपास उत्सर्जन होईल आणि कारखाना 40 वर्षे चालला तर ते 120 कोटी टनांच्या आसपास जाईल. धुराड्यांचा हिशेब म्हणजे यातला अगदी लहान हिस्सा, आणि अहवालात नेमका तेवढाच दाखवलेला आहे.

‘इंधन ग्राहक जाळतो, आमचा त्याच्याशी संबंध नाही’ हा बचाव पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 20 जून 2024 रोजी सरे परगण्यातील हॉर्स हिल येथील तेलविहिरींच्या खटल्यात असा निर्णय दिला, की उपसलेले तेल अखेर जाळलेच जाणार असल्याने त्या ज्वलनाचे उत्सर्जनही प्रकल्पाच्या परिणामांत मोजले पाहिजे. शुद्धीकरणाचा टप्पा मध्ये येतो म्हणून ही साखळी तुटते, हेही न्यायालयाने मानले नाही. परदेशी निकाल परवानगी देणाऱ्या आपल्या प्राधिकरणावर बंधनकारक नसतो, परंतु त्यातील युक्तिवाद आपल्याला मांडता येतो.

दुसरीकडे होईल, हा दावा मला सर्वांत कच्चा वाटतो, कारण तो करणाऱ्याकडे पुरावा मागितला की बहुधा मिळत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या भूमी व पर्यावरण न्यायालयाने 2019 मध्ये रॉकी हिल कोळसा खाणीला परवानगी नाकारताना हाच दावा फेटाळला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कलामा येथील, नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल हे रसायन बनवू पाहणाऱ्या कारखान्याची बाजू तर अशी होती, की आपले उत्पादन कोळशापासूनच्या अधिक घातक मिथेनॉलची जागा घेईल. राज्याच्या पर्यावरण विभागाने ते ग्राह्य न धरता जानेवारी 2021 मध्ये परवाना नाकारला आणि त्याच वर्षी कंपनीने प्रकल्प सोडून दिला.

गंधकाचे वायू, बेंझिन, सांडपाणी हे मुद्दे मात्र सोडू नयेत. त्यांवर निर्णय देण्याची प्राधिकरणांना सवय असते, त्यामुळे हवामानाचा मुद्दा बाजूला सारला गेला तरी हरकत उभी राहते. सर्व काही मुदतीत आणि लेखी द्यावे.

कंपनी कार्बन पकडणारी यंत्रणा बसवण्याचे आश्वासन देईल, अशी शक्यता आहे. ही यंत्रणा चांगली चालली तरी धुराड्यातलाच वायू पकडते. विकलेले पेट्रोल आणि डिझेल वाहनांत जळते तेव्हा तिचा काही उपयोग नसतो. तेव्हा ती एकूण उत्सर्जनाचा कितवा हिस्सा पकडणार, हे कंपनीकडून आकड्यांत लिहून मागावे.