कायली मिनोग : एकाच नावाच्या दोन सीडी आणि तो 'पडलेला' अल्बम

तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. कायली मिनोग या ऑस्ट्रेलियन पॉप गायिकेचा 'इम्पॉसिबल प्रिन्सेस' हा अल्बम म्हणून परदेशातून जुनी सीडी मागवली, हातात पडली तिचीच 1994 सालची दुसरी, आणि विक्रेता वर म्हणतो की कव्हरवर 'कायली मिनोग' लिहिलंय, म्हणजे माल बरोबर आहे. हाच वाद माझ्याशीही घातला गेलाय. मी मागवलं ते दुकान वेगळं असेल, नाव घेत नाही, पण उत्तर अगदी हेच.

तुम्ही तिची गाणी बरीच ऐकलेली दिसताहेत, त्यामुळे तिची 'नेबर्स' ही टीव्ही मालिका, गाजलेल्या सोनेरी शॉर्ट्स वगैरे सोडून देतो. घोळ असा आहे. 1988 चा पहिला अल्बम नुसता 'कायली'. डीकन्स्ट्रक्शन या रेकॉर्ड कंपनीत गेल्यावर 1994 चा 'कायली मिनोग'. पुढच्याचं नाव ठरलं 'इम्पॉसिबल प्रिन्सेस', आणि ऑगस्ट 1997 मध्ये ब्रिटनची प्रिन्सेस डायना गेली. त्या दिवसांत ब्रिटनमध्ये हे नाव घेऊन दुकानात उतरायची सोय नव्हती. तिथे अल्बम लांबला आणि मार्च 1998 मध्ये आला तो पुन्हा 'कायली मिनोग' याच नावाने! कंपनीही तीच. त्यामुळे नाव आणि लेबल बघून काही कळत नाही, सीडी उलटी करून पहिलं गाणं बघायचं. 'कन्फाइड इन मी' असेल तर 1994. 'टू फार' असेल तर तुम्हाला हवी ती. तिच्या कव्हरवर कायली रंगीत प्रकाशरेषांच्या घेऱ्यात बसलेली दिसते. ऑस्ट्रेलियातली प्रत किंवा नंतरची पुनर्मुद्रित आवृत्ती मिळाली तर प्रश्नच नाही, तिच्यावर मूळ नाव आहे.

आता खरं दुखणं. मी ऑर्डर देतानाच पहिल्या गाण्याचं नाव लिहून कळवलं होतं, तरी चुकीची आली. तक्रार विभागाने कव्हरचा फोटो मागितला, दिला. मग बारकोडचा मागितला, दिला. मग 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे'. संबंधित विभागाने पुन्हा कव्हरचा फोटो मागितला. मधल्या काळात कोणीही, एकाही माणसाने, सीडीच्या मागची गाण्यांची यादी वाचली नाही. ती वाचायला पाच सेकंद लागतात हो! परतीची मुदत संपल्याचा मेल मात्र बरोबर वेळेवर आला. परत पाठवायचं टपाल सीडीच्या किमतीच्या वर जात होतं, ते वेगळंच. त्यामुळे तुम्ही त्यांच्याशी गोड बोलत दिवस घालवू नका. कार्डाने पैसे दिले असतील तर मुदत आहे तोवर बँकेकडे व्यवहाराबद्दल लेखी हरकत नोंदवा. (मी ना वकील ना बँकवाला. नियम बँकेगणिक बदलतात, आधी विचारून घ्या.)

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढी यातायात करण्याइतका तो अल्बम आहे का, तो तर पडला होता. पडला होता, खरंय. त्यातलं 'सम काइंड ऑफ ब्लिस' हे गाणं ब्रिटनमध्ये 22 व्या क्रमांकावर अडकलं, पुढे कंपनीशीही फारकत झाली. पण माझ्या मते चाळीसेक वर्षांची ही कारकीर्द त्याच अल्बमच्या बिजागरीवर फिरते. मत माझं, पटलंच पाहिजे असं नाही.

तिच्या नव्या अवतारांबद्दल लिहिणारे कपडे आणि केस मोजत बसतात. मला विचाराल तर दर वेळी बदलली ती सोबतची माणसं. सुरुवातीला स्टॉक-एटकिन-वॉटरमन या लंडनच्या गीतकार-निर्माता त्रिकुटाकडे गाणं तयार मिळायचं, हिने येऊन गायचं. ती लंडनला येणार हेच ते विसरले होते आणि ती बाहेर ताटकळत असताना 'आय शुड बी सो लकी' घाईघाईत लिहिलं गेलं, हा किस्सा प्रसिद्धच आहे. तिथून निघून 1995 मध्ये ती निक केव्ह या रॉक गायकाबरोबर खून झालेल्या मुलीचं गाणं गाते, आणि 'इम्पॉसिबल प्रिन्सेस'च्या वेळी मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या रॉक बँडच्या लोकांबरोबर बसते, शब्द स्वतः लिहिते. ब्रिटिश पत्रकारांना ते झेपलं नाही. बाहुलीने वही-पेन हातात घेतलेलं कोणाला आवडतं?

त्याच अल्बममधल्या 'डिड इट अगेन'चा व्हिडिओ बघाच. पोलीस चौकीत आरोपींना उभं करतात तशा चार कायली रांगेत : मादक, गोंडस, नाचरी आणि इंडीवाली (म्हणजे चाकोरीबाहेरच्या रॉकवाली). प्रत्येकीच्या हातात पाटी. आणि मग चौघी एकमेकींच्या झिंज्या उपटतात. लोक तिच्याबद्दल जे लिहीत होते ते तिने स्वतःच, आणि जास्त मजेत, करून दाखवलं.

1999 मध्ये पार्लोफोन या कंपनीकडे गेल्यावर ती नाचाच्या गाण्यांकडे परतली, तेव्हा 'आली ताळ्यावर' असा सूर होता. मला ते परतणं वाटतच नाही. 2001 चं 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड' कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस यांनी लिहिलं, पण त्यातला थंड, जवळजवळ अलिप्त आवाज 1988 च्या कायलीला काढता आला नसता. तो मधल्या 'पडलेल्या' वर्षांत कमावलेला आहे. मग 2005 चा कर्करोग, पुनरागमन, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. 2020 च्या 'डिस्को' अल्बमच्या वेळी टाळेबंदीत तिने घरी स्वतःचा आवाज स्वतःच ध्वनिमुद्रित करायला शिकून घेतलं, तेव्हा तर सोबतचं माणूसही तीच. 2023 चं 'पदम पदम' हे गाणं वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आलं आणि ग्रॅमी घेऊन गेलं.

(जाता जाता : 2009 च्या 'ब्लू' या हिंदी सिनेमातलं तिचं 'चिगी विगी' बघून तिच्याबद्दल मत बनवणारे मित्र मलाही आहेत. संगीत रहमानचं असलं तरी त्या गाण्यावरून तिला जोखू नका. वाद घालायचा असेल तर स्वतंत्र धागा काढा.)

हाती आलेली 1994 ची सीडी मात्र रागाच्या भरात विकू नका. पैसे परत मिळाले तर उत्तमच, नाही मिळाले तरी 'कन्फाइड इन मी' हेडफोन लावून, दिवे घालवून ऐका. पुढची मागवताना विक्रेत्याकडून सीडीच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागून घ्या, आणि तो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नका.