तिसरीतल्या मुलाला मधल्या सुट्टीत रोज दोन मुलं ढकलतात, डबा हिसकावतात. 'तूही मार' असं शिकवावं का?

नाही, उलटं मारायला शिकवू नका. वर्गशिक्षिकेला लेखी कळवा आणि मारामारी जिथे होते तिथे सुट्टीत मोठं माणूस उभं करायला सांगा. मी प्राथमिक शाळेत शिकवते. हे प्रकार बहुतेक वेळा वर्गात होत नाहीत. पाण्याच्या नळाची रांग, जिन्याखालची जागा, रिक्षाची वाट बघायची दहा मिनिटं, तिथे होतात. म्हणून 'त्रास देतात' एवढं लिहू नका. वार, वेळ, जागा आणि नेमकं काय झालं ते लिहा: 'मंगळवारी नळापाशी डबा घेतला, पोळी खाली टाकली.' नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९८३ ते ८५ मध्ये बर्गनच्या ४२ शाळांत हेच मुख्य धरलं: सुट्टीत देखरेख, वर्गाचे साधे नियम, दोन्हीकडच्या पालकांशी बोलणं. तिथे असा त्रास जवळपास निम्म्यावर आला. (इतर देशांत इतका फरक पडला नाही, हेही खरं.) फिनलंडच्या शाळांतल्या दादागिरी रोखायच्या 'किवा' कार्यक्रमाचा भर बघ्या मुलांवर आहे, आणि मला ते जास्त पटतं; हसणारे चारजण गप्प झाले की दादागिरीची निम्मी मजा जाते. त्या दोघांना बाईंनी चोप द्यावा असा आग्रह मात्र धरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे.

एक अपवाद: जखम झाली असेल किंवा मूल शाळेत जायलाच घाबरत असेल, तर वाट न पाहता थेट मुख्याध्यापकांना भेटा, तिथेही दाद लागली नाही तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.