एचटीएमएल लिहिताना टॅब वापरावा की स्पेस? कोड स्वच्छ दिसावा म्हणून काय करता?

दोन स्पेस द्या. नाहीतर टॅब द्या. एकदा काय ते ठरवा, एडिटरमध्ये प्रिटिअर हे कोड आपोआप नीट मांडणारं टूल बसवा आणि विषय मिटवा.

पण 'स्वच्छ दिसावा' हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत एक सीनिअर सर होते. त्यांचा कोड बघत राहावा असा. ओळीखाली ओळ, सगळे टॅग स्मॉल केसमध्ये, प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट डबल कोटमध्ये. आणि आत नुसते डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेले डबे. हेडिंग डिव्ह, मेनू डिव्ह, बटणसुद्धा डिव्हच, वर ऑनक्लिक लावलेलं. मी एकदा म्हटलं, "सर, बटण टॅग आहे की." तर म्हणाले, "दिसतंय ना बटणासारखं? मग झालं."

पुढे एका पतसंस्थेत कर्जाच्या अर्जाचा डेमो होता. तिथले एक कर्मचारी अंध, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून बसलेले. लेबलं मी रीतसर 'फॉर' लावून आपापल्या रकान्याशी बांधली होती, त्यामुळे नाव, पत्ता, रक्कम त्यांनी टॅब दाबत भराभर भरलं. शेवटच्या रकान्यानंतर टॅब दाबला तर फोकस फॉर्मच्या बाहेर. मागे आले, पुन्हा पुढे गेले. मग शांतपणे विचारलं, "अर्ज पाठवायचा कुठून?" स्क्रीनवर हिरवंगार बटण होतं. आम्हाला दिसत होतं.

तरी सरांनी डिव्ह सोडला नाही! स्क्रीन रीडरला बटण कळावं म्हणून रोल बटण लावला, टॅब तिथं थांबावा म्हणून टॅबइंडेक्स शून्य केला, एंटर आणि स्पेससाठी वेगळी जावास्क्रिप्ट लिहिली. बटण टॅग हे सगळं फुकट देतो.

तर जे आहे त्याला त्याचाच टॅग द्या. मेनूला नॅव्ह, हेडिंगला एच वन, एच टू क्रमानं. अक्षर मोठं हवं म्हणून एच वन नको, त्याला सीएसएस आहे. मराठी पानाला लँग 'एमआर' द्या, टेम्पलेटमधून आलेलं 'ईएन' तसंच ठेवू नका. स्क्रीन रीडर उच्चार त्यावरून ठरवतो. पी या परिच्छेदाच्या टॅगच्या आत डिव्ह घालू नका. ब्राउझर तो पी तिथंच बंद करून टाकतो, चकार शब्द काढत नाही, आणि तुम्ही सीएसएसला शिव्या देत बसता. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा व्हॅलिडेटर, म्हणजे कोड तपासणारं टूल, ही चूक लगेच पकडतो.

हां, एक राहिलं. फॉर्ममधल्या बटणाला टाइप न देता सोडलं तर ते सबमिटच होतं. हे मी शिकलो ते 'आणखी जामीनदार जोडा' या माझ्याच बटणावर. दाबलं की अर्धवट अर्ज रवाना. सर आठवडाभर हसत होते, आणि तेवढं हसणं रास्त होतं.

ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. परवा सहज त्या पानाचा सोर्स उघडला. डिव्ह तिथंच आहे. इंडेंटेशन मात्र अजून झकास.