स्वीट कॉर्नचं बी असं सुरकुतलेलं का?

प्रश्न: परसात लावायला स्वीट कॉर्नची दोन पाकिटं आणली. बी अगदी चपटं, सुरकुतलेलं, साध्या मक्याचं कसं टणक भरलेलं असतं. जुनं बी गळ्यात मारलं का? आणि शेजारी साधा मका लावणारेत, त्याने काही बिघडेल का?

उत्तर: नाही हो, सुरकुत्यांवरून बी जुनं ठरत नाही, सुपरस्वीट, म्हणजे स्वीट कॉर्नमधल्या जास्त गोड जातींचं बी असंच असतं. मक्याच्या दाण्यात कोंब देणारा गर्भ वेगळा आणि त्याची शिदोरी असलेला भ्रूणपोष वेगळा, दाण्याचा मोठा भाग भ्रूणपोषाचाच. दोन्ही एकाच परागकणातून आलेल्या दोन पेशींमुळे तयार होतात, पण गर्भात जनुकांच्या 2 प्रती असतात आणि भ्रूणपोषात 3, त्यातल्या 2 आईकडच्या.

सुपरस्वीटमध्ये श्रंकन-2 नावाच्या जनुकात म्युटेशन असतं. साखरेचा स्टार्च करायच्या कामातलं सुरुवातीचं एक एन्झाइम या जनुकावरून बनतं, तेच नीट बनत नाही म्हटल्यावर साखर दाण्यात तशीच राहते, पाणीही जास्त धरते, आणि दाणा वाळला की आत भरीव काही नसल्याने खपाटीला जातो. इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉघनन यांनी 1953 साली हा गोडवा खायच्या मक्यात आणता येईल हे मांडलं.

यात गर्भ मरत नाही, पण शिदोरी तोकडी पडते, शिवाय भिजल्यावर साखर बाहेर झिरपते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. म्हणून चिखलात टोकू नका, वाफसा बघा, 2-3 सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

शेजारच्या मक्याचं मात्र खरंच बघा. त्याचा पराग तुमच्या कणसाच्या केसांवर पडला तर चांगल्या जनुकाची एकच प्रत येते, पण आईकडच्या 2 बिघडलेल्या प्रतींपुढेही ती पुरते, आणि तो दाणा ह्याच कणसात, ह्याच हंगामात पिठूळ होतो! पेरणीत दोनतीन आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे दोघांचे तुरे एकदम येणार नाहीत.

आणि हो, तुमची दोन पाकिटं एकाच प्रकारची आहेत ना? जुन्या पद्धतीच्या स्वीट कॉर्नमध्ये शुगरी-1 हे दुसरंच जनुक बिघडलेलं असतं. हे दोन प्रकार शेजारी फुलले तर एकाची खोट दुसरा भरून काढतो आणि दोन्ही गोड असूनही दाणे साध्या मक्यासारखे होतात, तेव्हा पेरायच्या आधी दुकानात विचारून घ्या.